विश्लेषण : ‘ओ’ द्यायला कोणी उरले नाही! काउआई बेटावरचा ‘ओ-ओ’ पक्षी संपला कसा?

समाजमाध्यमांवर एका पक्ष्याची जुनी ध्वनिफीत अधूनमधून फिरत असते. बासरीसारखे दोन-चार सूर, मग शांतता, पुन्हा तेच सूर. सोबत एक ओळ असते : आपल्या जातीतला हा शेवटचा नर, तो मादीला साद घालतो आहे. हा पक्षी म्हणजे हवाई बेटसमूहातील काउआई बेटावरचा ‘ओ-ओ’. त्याचा आवाज शेवटचा ऐकू आला तो १९८७ मध्ये. तो नामशेष झाल्याचे अमेरिकी सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये. ध्वनिफीत ऐकून लाखो लोक हळहळतात. पण हा पक्षी कशाने गेला आणि संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या यादीत नाव असूनही का वाचला नाही, हे प्रश्न त्या हळहळीत मागे पडतात. त्यांची उत्तरे महत्त्वाची आहेत, कारण त्याच जंगलात आज आणखी एक पक्षी त्याच वाटेने निघाला आहे.

हा पक्षी कोण, कुठला?

काउआई हे हवाईच्या मुख्य बेटांपैकी वयाने सर्वांत जुने बेट. त्याचे वय सुमारे ५० लाख वर्षे मानले जाते. आकाराने ते मुंबईच्या दुपटीहून थोडे मोठे. चहूबाजूंनी प्रशांत महासागर आणि सर्वांत जवळचे खंड हजारो किलोमीटर दूर. बेटाच्या मधोमध डोंगर आहेत आणि तेथील वायआलेआले शिखराचा परिसर जगातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये गणला जातो. त्याच्या पश्चिमेला अलाकाई नावाचे पठार आहे. कायम धुके, शेवाळाने लगडलेली झाडे आणि पाय टाकावा तिथे चिखल असे हे पाणथळ जंगल. ओ-ओचे शेवटचे घर हेच.

ओ-ओ दिसायला भपकेदार नव्हता. लांबी साधारण २० सेंटिमीटर. अंग काळपट तपकिरी, गळ्यावर पांढुरकी नक्षी, डोळे पिवळे आणि मांड्यांवर तेवढी पिवळीधमक पिसे. त्याचे नाव त्याच्या आवाजावरूनच पडले. ओहिया आणि लोबेलियाच्या फुलांतला मध हे त्याचे खाणे, जोडीला कीटक आणि कोळी. ओहिया म्हणजे आपल्या जांभळाच्या कुळातले, लाल तुऱ्यांची फुले येणारे झाड. हवाईच्या जंगलाचा कणाच तो. ओ-ओ घरटे करायचा तेही झाडांच्या ढोलीत. त्यामुळे जुनी, जाड बुंध्याची झाडे असतील तिथेच त्याचा संसार चालायचा.

या जातीत नर आणि मादी दोघेही गात. एकाने साद घालावी आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे अशी ती रीत. मराठीत हाकेला उत्तर देण्याला ‘ओ देणे’ म्हणतात. या पक्ष्याच्या बाबतीत तो शब्दप्रयोग अगदी शब्दशः लागू पडतो.

एका पक्ष्याबरोबर अख्खे कुळ कसे गेले?

हवाईत ओ-ओच्या चार जाती होत्या, प्रमुख बेटांवर एकेक. ओआहू बेटावरचा ओ-ओ १८३७ नंतर कोणाच्या हाती लागला नाही. मोलोकाईवरचा १९०४ नंतर त्या बेटावर दिसला नाही आणि हवाई या मोठ्या बेटावरचा १९३४ नंतर. यांचाच एक नातलग किओएया हा तर १९व्या शतकाच्या मध्यालाच दिसेनासा झाला. काउआईचा ओ-ओ हा या गोतावळ्यातला शेवटचा.

लांब वाकडी चोच आणि मध पिण्याची सवय यांमुळे हे पक्षी ऑस्ट्रेलियातील मधभक्षी पक्ष्यांचे भाऊबंद आहेत असे शंभरहून अधिक वर्षे मानले जात होते. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या कातड्यांतून डीएनए काढून २००८ मध्ये तपासणी झाली, तेव्हा चित्र बदलले. मधभक्षी पक्ष्यांशी त्यांचा संबंधच नव्हता. त्यांचे जवळचे नातलग निघाले ते वॅक्सविंगसारखे पक्षी. समान खाण्यामुळे दूरदूरच्या दोन वंशांत सारखे रूप तयार झाले होते. मग या पाच जातींसाठी ‘मोहोइडी’ हे स्वतंत्र कुळ मांडण्यात आले.

म्हणजे हे वेगळे कुळ आहे हे कळले तेव्हा ते संपून दोन दशके उलटली होती. आधुनिक काळात पक्ष्यांचे एक संपूर्ण कुळ नाहीसे झाल्याचे हे एकमेव ज्ञात उदाहरण आहे. एक फांदी तुटणे वेगळे आणि कोट्यवधी वर्षे वाढलेले झाडच उन्मळणे वेगळे.

पिसांच्या झग्यांनी त्याचा घात केला का?

हवाईतील राजे आणि सरदार पिसांचे झगे वापरत. त्यांना ‘अहुउला’ म्हणतात. लाल आणि पिवळ्या पिसांचे हे झगे आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. पिवळ्या पिसांसाठी ओ-ओ पकडले जात हे खरे. त्यामुळे ‘राजांच्या हौसेपायी पक्षी संपला’ असे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते.

ते अपुरे आहे. मोठ्या बेटावरच्या ओ-ओच्या पंखांखाली पिवळ्या पिसांचे झुबके होते, त्यांना मागणी होती. काउआईच्या ओ-ओकडे मांडीवरची चार पिसे सोडली तर देण्यासारखे फारसे काही नव्हते. शिवाय झगे विणण्याची परंपरा संपल्यानंतरही, म्हणजे १९व्या शतकाच्या शेवटी, काउआईच्या जंगलात हा पक्षी भरपूर दिसत असल्याच्या नोंदी आहेत. पिसांमुळे तो संपायचा असता तर तेव्हा इतका राहिला नसता. त्याची घसरण त्यानंतरची आहे, त्यामुळे कारणही दुसरीकडे शोधावे लागते.

मग खरा मारेकरी कोण?

हवाईत मुळात डास नव्हते. समुद्राने एवढे अंतर राखले होते की तिथवर डास पोहोचलाच नाही. परंपरेने मानले जाते त्याप्रमाणे १८२६ मध्ये माउई बेटावरील लाहाइना बंदरात एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून डासांच्या अळ्या उतरल्या. हा डास म्हणजे क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस. भारतीय वाचकांना तो परका नाही. गटारे आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा आणि हत्तीरोग पसरवणारा घरगुती डास तो हाच.

डासांपाठोपाठ बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर दोन आजार आले. एक पक्ष्यांची देवी आणि दुसरा पक्ष्यांचा मलेरिया. या मलेरियाचा परजीवी माणसाला होणाऱ्या मलेरियाच्या परजीवीचा नातलग असला तरी तो माणसाला बाधत नाही. पक्ष्याच्या रक्तातील लाल पेशी तो नष्ट करतो. पक्षी अशक्त होतो, खाणे सोडतो आणि मरतो. खंडांवरचे पक्षी लाखो वर्षे या आजाराबरोबर जगले आहेत, त्यामुळे त्यांच्यात प्रतिकारशक्ती आहे. हवाईच्या पक्ष्यांच्या अनेक पिढ्या डास न पाहता गेल्या होत्या. ‘इइवी’ या तांबड्या पक्ष्यावरील प्रयोगांत तर रोगवाहक डासाच्या एका चाव्याने सुमारे ९० टक्के पक्षी दगावल्याचे आढळले.

हा संबंध सर्वप्रथम ठोसपणे मांडला तो रिचर्ड वॉर्नर या अभ्यासकाने, १९६८ मध्ये. डासमुक्त बेटावरचे पक्षी त्याने सखल भागात आणून पिंजऱ्यांत ठेवले. डास शिरू शकतील अशा पिंजऱ्यांतले पक्षी आजारी पडून मेले, कापडाने झाकलेल्या पिंजऱ्यांतले वाचले. हवाईच्या सखल जंगलांतून स्थानिक पक्षी का नाहीसे झाले, याचे उत्तर तेव्हाच मिळाले होते. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डासाला साथ मिळाली ती इतर आगंतुकांची. जहाजांबरोबर आलेले काळे उंदीर झाडांवर चढून ढोलीतली अंडी आणि पिल्ले खात. रानटी झालेली डुकरे चिखलात लोळून खड्डे करत, नेच्यांचे बुंधे पोखरत. त्यात पाणी साचे आणि डासांची पैदास होई. माणसानेही हौसेने भर घातली. उसावरच्या अळ्या खाण्यासाठी १८६५ मध्ये भारतातून साळुंकी हवाईत नेण्यात आली. १८८३ मध्ये उंदरांवर उपाय म्हणून मुंगूस आणले गेले, त्यांचे मूळही कोलकात्याचे, वाट जमैकामार्गे. मुंगसाने उंदीर कमी केले नाहीत, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवर मात्र संक्रांत आणली. काउआईवर मुंगसांचा जम कधी बसला नाही. तरीही ओ-ओ संपला. डासाचा वाटा किती मोठा होता हे त्यावरूनही लक्षात येते.

डोंगरमाथा हा शेवटचा आसरा कसा ठरला?

डासाला उष्णता लागते आणि मलेरियाच्या परजीवीला त्याहून अधिक. तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की डासाच्या शरीरात परजीवीची वाढ थांबते. त्यामुळे हवाईत एक अदृश्य रेषा तयार झाली. तिच्या खाली रोगराई आणि वर थंड, सुरक्षित जंगल. सखल भागातले पक्षी मरत गेले आणि उंचावरचे तग धरून राहिले.

काउआईची अडचण अशी की तेथील सर्वोच्च शिखरच १,६०० मीटरच्या आत आहे. अलाकाईचे पठार त्याहून खाली. माउई आणि मोठ्या बेटावर पर्वत ३,००० ते ४,००० मीटरपर्यंत जातात, तिथे पक्ष्यांना वर सरकायला जागा आहे. काउआईवर ती नाही. रेषा थोडी जरी वर सरकली, तरी आसरा संपतो. पुढे झालेही तसेच. १९९०च्या दशकाच्या मध्याच्या तुलनेत २००७ ते २०१३ या काळात अलाकाईतील पक्ष्यांमध्ये मलेरियाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढल्याचे अभ्यासात दिसले. हवामानबदलाचा परिणाम शंभर वर्षांनी दिसेल असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे. इथे एक-दोन अंशांचा फरक म्हणजे घर असणे आणि नसणे.

शेवटची जोडी कधी फुटली?

विसाव्या शतकात हा पक्षी संपला असे मानले गेले आणि नंतर तो अलाकाईत पुन्हा सापडला. १९७१ मध्ये जॉन सिनकॉक या जीवशास्त्रज्ञाला त्याचे ढोलीतले घरटे दिसले. १९६८ ते १९७३ दरम्यानच्या त्यांच्या पाहणीत ओ-ओंची संख्या ३६च्या आसपास असल्याचा अंदाज निघाला. एका वर्गातल्या मुलांएवढी ही संख्या. दहा वर्षांत तीही उरली नाही. १९८१ मध्ये फक्त एक जोडी माहीत होती.

२३ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘इवा’ हे चक्रीवादळ काउआईवर आदळले. जुनी झाडे कोसळली, ढोल्या गेल्या. वादळानंतर मादी दिसली नाही. नर एकटाच राहिला. १९८५ मध्ये तो शेवटचा दिसला, १९८७ मध्ये शेवटचा ऐकू आला. त्या काळातील ध्वनिमुद्रणे कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले ध्वनिसंग्रहात जपलेली आहेत. नर साद घालत होता आणि ओ द्यायला कोणी नव्हते. ११ सप्टेंबर १९९२ रोजी त्याहून भीषण ‘इनिकी’ वादळ आले. काउआईच्या जंगलातील आणखीही काही दुर्मीळ पक्षी या दहा-बारा वर्षांतच दिसेनासे झाले. कामाओ हा गाणारा पक्षी १९८९ नंतर खात्रीने दिसला नाही.

वादळाने ओ-ओला संपवले असे म्हणणे सोयीचे आहे, कारण वादळाला कोणी जबाबदार नसते. पण या बेटांवर लाखो वर्षे वादळे येत आहेत. हजारो पक्षी असतील तर वादळात काही मरतात, बाकीचे पुन्हा वाढतात. दोनच उरले असतील तर एक फांदी पडली तरी पुरते. वादळाने शेवट केला, पण तो इतका सोपा करून ठेवला होता डासांनी आणि उंदरांनी.

नामशेष म्हणायला ३६ वर्षे का लागली?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) ओ-ओला २००० मध्येच नामशेष ठरवले. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने तसा प्रस्ताव मांडला सप्टेंबर २०२१ मध्ये आणि अंतिम निर्णय दिला ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्या दिवशी एकूण २१ प्रजाती संरक्षित यादीतून वगळल्या गेल्या. त्यांत १० पक्षी होते आणि त्यांपैकी आठ एकट्या हवाईचे.

या दिरंगाईमागे निव्वळ सरकारी ढिलाई नव्हती. ‘नाही’ हे सिद्ध करणे ‘आहे’ हे सिद्ध करण्यापेक्षा फार अवघड असते. अलाकाईसारख्या दलदलीत एक अबोल पक्षी नजरेतून सुटू शकतो. आणि नामशेष म्हटले की कायद्याचे संरक्षण उठते, निधी थांबतो, शोधमोहिमा बंद होतात. पक्षी प्रत्यक्षात जिवंत असला तर घोषणाच त्याच्या मुळावर येते. अमेरिकेत हस्तिदंती चोचीच्या सुतार पक्ष्याबाबत असाच वाद झाला आणि २०२१च्या प्रस्तावात असलेले त्याचे नाव २०२३च्या अंतिम निर्णयात आले नाही.

महाराष्ट्राने याचा सुखद अनुभव घेतला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे कोणाला खात्रीने दिसले नव्हते. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते खानदेशात शहाद्याजवळच्या जंगलात सापडले. तोवर ‘संपला’ असा शिक्का मारून फाइल बंद झाली असती, तर मेळघाटासारख्या जंगलांत त्याचा पुढचा शोध आणि अभ्यास कदाचित झालाच नसता.

तेव्हा घोषणेला वेळ लागणे समजण्यासारखे आहे. कृतीला वेळ लागला, ही खरी खंत.

संरक्षित यादीत असूनही तो का वाचला नाही?

काउआईचा ओ-ओ १९६७ मध्येच अमेरिकेच्या धोक्यातील प्रजातींच्या पहिल्या यादीत आला होता. अलाकाईचे जंगल राखीव झाले तेही १९६०च्या दशकात. वॉर्नरचा अभ्यास १९६८चा. म्हणजे पक्षी जिवंत असताना, तो कमी होत असल्याचे माहीत असताना, त्याच्या मृत्यूचे कारण हाती असताना आणि त्याचे जंगल कागदावर सुरक्षित असताना तो संपला.

याचे कारण यादीच्या स्वरूपातच आहे. यादी शिकार थांबवू शकते, वृक्षतोड रोखू शकते, धरणाला हरकत घेऊ शकते. डासाला यादी वाचता येत नाही. अलाकाईत कुऱ्हाड चालली नव्हती, बंदूकही चालली नव्हती. जंगल जागच्या जागी उभे होते आणि पक्षी आतून संपत होते. धोका बाहेरच्या माणसाकडून असतो हे गृहीत धरून केलेले कायदे अशा वेळी हतबल होतात.

त्या काळी डासांवर जंगलभर चालेल असा उपाय उपलब्ध नव्हता, हे मान्य करायला हवे. औषध फवारले तर कीटक खाणारे पक्षीच उपाशी मरतील. परंतु उपाय नसेल तर तो शोधण्यासाठी पैसा आणि माणसे लावावी लागतात. तिथे हवाई मागे राहिले. १९९६ ते २००४ या काळातील सरकारी खर्चाचा अभ्यास सांगतो की, अमेरिकेच्या यादीतील धोक्यात आलेल्या पक्ष्यांपैकी जवळपास एक तृतीयांश हवाईचे होते, पण पक्ष्यांच्या पुनरुज्जीवनावर झालेल्या खर्चातला त्यांचा वाटा होता जेमतेम ४ टक्के. मुख्य भूमीवरच्या गरुडांना आणि सुतारांना मतदार ओळखतात. समुद्रापल्याडच्या धुक्यात गाणाऱ्या काळपट पक्ष्याला ओळखणारे थोडे.

उशिराच्या धावपळीचे काय होते?

माउई बेटावरचा पोओउली हा पक्षी याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९७३ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तो प्रथम सापडला. १९९७च्या सुमारास तीनच पोओउली माहीत होते आणि तिघांची ठिकाणे वेगवेगळी. २००२ मध्ये एका मादीला पकडून नराच्या परिसरात सोडण्यात आले. जोडी जमेल ही आशा. मादी दुसऱ्याच दिवशी आपल्या जुन्या ठिकाणी परतली.

अखेर सप्टेंबर २००४ मध्ये एका पक्ष्याला पिंजऱ्यात आणून प्रजननाचा प्रयत्न करायचे ठरले. जोडीदार पकडण्याआधीच, २६ नोव्हेंबर २००४ रोजी, तो मेला. त्याच्या अंगात मलेरियाचा संसर्ग होता. त्यानंतर पोओउली कोणाला दिसलेला नाही. २०२३च्या त्या २१ नावांत त्याचेही नाव आहे.

पकडावे की जंगलातच राहू द्यावे, यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. पकडण्यात जोखीम होती, हे खरेच. पण वाट पाहण्यातही तेवढीच जोखीम होती आणि तिचा हिशेब कोणाच्या नावावर मांडला जात नव्हता. सरकारी कामात हे नेहमीच घडते. केलेल्या चुकीची चौकशी होते, न केलेल्या कामाची होत नाही.

आता तिथे काय सुरू आहे?

हवाईत मधुरस पिणारे आणि कीटक खाणारे ‘हनीक्रीपर’ नावाचे स्थानिक पक्षी एकेकाळी ५०हून अधिक जातींचे होते. आज १७ उरले आहेत. काउआईवरचा अकिकिकी हा छोटा राखाडी पक्षी त्यांतलाच. त्याच्या संख्येचे अंदाज पाहिले की ओ-ओची गोष्ट पुन्हा घडताना दिसते : २०१८ मध्ये सुमारे ४५४, २०२१ मध्ये ४५ आणि २०२३ मध्ये जंगलात अवघे पाच.

फरक एवढाच की, या वेळी थोडी आधी हालचाल झाली. २०१५ पासून अलाकाईतील उंच झाडांवरच्या घरट्यांतून अकिकिकीची अंडी उतरवून ती उबवण्यास सुरुवात झाली. मोठ्या बेटावर आणि माउईवर संगोपन केंद्रांत आज काही डझन अकिकिकी आहेत. पण तो आसराही किती नाजूक आहे हे ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. माउईवरील वणव्यांच्या वेळी आग केंद्राच्या अगदी जवळ पोहोचली आणि कर्मचारी व शेजाऱ्याने पाण्याचा मारा करून ती थोपवली.

केंद्रातले पक्षी पुन्हा जंगलात सोडायचे तर आधी डास कमी व्हायला हवेत. त्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून माउईवर आणि नंतर काउआईवरही प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडले जात आहेत. नर डास चावत नाहीत. या नरांच्या शरीरात ‘वोल्बाकिया’ या जिवाणूचा वेगळा प्रकार असतो. त्यांचा संयोग जंगलातील मादीशी झाला की मादीची अंडी फुटत नाहीत. नर सतत सोडत राहिले तर डासांची संख्या घटत जाते. दुर्गम डोंगरांवर हे डास हेलिकॉप्टरने आणि अलीकडे ड्रोननेही सोडले जातात. योजनेला काही स्थानिकांचा विरोध झाला, न्यायालयातही आव्हान दिले गेले. काम मात्र सुरू राहिले.

आशेची आणखी एक बाजू आहे. अमाकिही या पक्ष्याच्या सखल भागातील काही समूहांत मलेरिया सोसण्याची क्षमता आलेली दिसते. म्हणजे पुरेसे पक्षी आणि पुरेसा काळ मिळाला तर निसर्ग स्वतःही मार्ग काढतो. ३६ पक्ष्यांकडे यांपैकी काहीच नसते.

यातून घ्यायचे काय?

पहिली गोष्ट, प्रजाती संपते ती शेवटचा पक्षी मरतो त्या दिवशी नव्हे. शेकड्यांचे दशक होतात, जोड्या विखुरतात, पिल्ले वाढेनाशी होतात, तेव्हाच निकाल जवळपास लागलेला असतो. उरतो तो केवळ प्रतीक्षेचा काळ. ओ-ओच्या बाबतीत हा निकाल बहुधा १९७०च्या दशकातच लागला होता. जगाने मात्र लक्ष दिले ते एकट्या नराच्या आवाजाकडे.

दुसरी गोष्ट, जंगल राखीव करणे आणि जंगलातले जीव राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला अधिसूचना पुरते. दुसऱ्याला उंदरांचे सापळे, डुकरांना अडवणारी कुंपणे, डासांवरचे संशोधन आणि त्यासाठी दरवर्षी न चुकता मिळणारा पैसा लागतो. हे काम छायाचित्रात उठून दिसत नाही, त्याचे उद्घाटनही करता येत नाही. म्हणूनच ते मागे पडते.

तिसरी गोष्ट वेळेची. रोगाचे निदान १९६८ मध्ये झाले आणि डासांवरचा उपाय जंगलात पोहोचला २०२३ मध्ये. हे ५५ वर्षांचे अंतर अर्ध्यावर आले असते तरी ओ-ओ कदाचित वाचला नसता, पण अकिकिकीची संख्या शेकड्यांत राहिली असती. संवर्धनाची योजना आखताना ‘किती उरले’ याबरोबरच ‘ज्या कारणाने कमी होत आहेत त्यावर काय चालले आहे’ हा प्रश्न दरवर्षी विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर ‘काही नाही’ असेल, तर यादीतले नाव हे संरक्षण नसून केवळ नोंद ठरते.

अलाकाईच्या जंगलात ओहिया अजून फुलतो. त्याच्या फुलांवर जे पक्षी उरले आहेत, त्यांच्यासाठी सोडले जाणारे डास वेळेत पुरे पडतात की नाही, याचा निकाल पुढच्या काही वर्षांतच लागेल.